कायद्यातलं लोणी

२ ऑगस्ट १८८६ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी एका कायद्यावर सही केली. त्या कायद्याचं पहिलंच कलम लोणी म्हणजे काय ते सांगतं. केवळ दुधापासून, केवळ सायीपासून किंवा दोन्हींपासून केलेलं. मीठ घातलेलं वा न घातलेलं. वरून रंग मिसळलेलं वा न मिसळलेलं, तेवढंच लोणी. माणूस हजारो वर्षं लोणी काढत आला, खात आला, देवाला दाखवत आला, आणि व्याख्येवाचून त्याचं कधी अडलं नव्हतं. व्याख्येची गरज पडली ती बाजारात लोण्याला प्रतिस्पर्धी उभा राहिल्यामुळे. त्या प्रतिस्पर्ध्याला आधी नावाच्या उंबऱ्यावर अडवायचं होतं.

‘वरून रंग मिसळलेलं वा न मिसळलेलं’ हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढची चौसष्ट वर्षं अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये जो वाद चालला, त्याचं बीज त्या पाच-सहा शब्दांत आहे.

पण आधी त्या नावांकडे पाहू. ‘बटर’ हा शब्द लॅटिनमधून मागे ग्रीक ‘बूतिरॉन’पर्यंत जातो. ‘बूस’ म्हणजे गाय, ‘तिरॉस’ म्हणजे चीज. ग्रीकांचा ‘बूस’ आणि आपला ‘गो’ हे एकाच मुळातून आलेले सख्खे शब्द. तरी ‘गाईचं चीज’ हे नाव लोण्याला नीट बसत नाही. ग्रीक माणूस ऑलिव्हच्या तेलावर वाढलेला. लोणी खाणारे लोक त्याच्या लेखी परके. परक्यांच्या पदार्थाला त्याने आपल्या ओळखीच्या पदार्थाचं नाव दिलं आणि तेच युरोपभर रुजलं. ज्या नावाच्या शुद्धतेसाठी पुढे एवढे कायदे झाले, ते नाव असं उसनवारीचं आहे.

आपलं ‘लोणी’ मात्र वस्तूला धरून आहे. संस्कृतात ‘नवनीत’, म्हणजे नुकतंच काढलेलं, ताजं. प्राकृतात त्याचं ‘लोणिअ’ झालं आणि मराठीत ‘लोणी’. सुरुवातीच्या ‘न’चा ‘ल’ होणं मराठीला नवं नाही. ‘निंबा’चा आपण ‘लिंब’ केला आणि त्याला कडू हे विशेषण जोडलं. ‘तूप’ हा शब्द त्याहून स्वतंत्र बाण्याचा. संस्कृत ‘घृता’पासून हिंदीने ‘घी’ घेतलं, मराठीने ते घेतलंच नाही. मराठीने प्राकृतातला ‘तुप्प’ हा देशी शब्द धरून ठेवला. कन्नडात तुपाला आजही ‘तुप्प’ म्हणतात. वरणभातावरची धार दख्खनच्या मातीतल्या नावाने आपल्या पानात पडते, याचा मला नेहमी आनंद वाटतो.

मराठीने आणखी एक गोष्ट केली. घरी ताक घुसळून निघालेल्या पांढऱ्या गोळ्याला ती ‘लोणी’ म्हणते आणि दुकानातून आणलेल्या पिवळ्या, खारट वडीला ‘बटर’. थालीपिठावर लोणी पडतं, पावभाजीवर बटर. इंग्रजीत या दोन्हींना एकच नाव आहे. आपल्याकडे लोणी बहुतेक म्हशीच्या दुधाचं. गवतातलं कॅरोटीन म्हैस दुधात उतरू देत नाही, त्याचं ‘अ’ जीवनसत्त्व करते, म्हणून तिचं लोणी पांढरंशुभ्र. गाईच्या दुधात ते कॅरोटीन उतरतं, म्हणून हिरव्या चाऱ्याच्या दिवसांत तिचं लोणी पिवळसर आणि सुक्या चाऱ्याच्या दिवसांत फिकट. बाजारातलं बटर बारा महिने सारखं पिवळं दिसतं, कारण त्याला अन्नाटोचा रंग देतात. अन्नाटो म्हणजे आपल्याकडच्या शेंदरीच्या झाडाच्या बियांवरचा तांबूस रंग. अमेरिकेतले लोणीवालेही हिवाळ्यात हाच रंग घालत. कायद्याच्या व्याख्येत रंगाची सवलत आली ती या लोकांसाठी.

आता प्रतिस्पर्ध्याचं नाव. १८१३ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रेल यांना चरबीतून एक चकाकणारं आम्ल मिळालं. त्याची झाक मोत्यासारखी होती. ग्रीकमध्ये मोत्याला ‘मार्गारितेस’ म्हणतात. मार्गारेट हे मुलीचं नाव त्याच शब्दाचं. शेव्रेल यांनी आम्लाला ‘मार्गारिक’ नाव दिलं. पुढे दुसऱ्या रसायनज्ञांनी दाखवून दिलं की ते एकच आम्ल नसून दोन आम्लांचं मिश्रण आहे. तोवर नाव रूढ झालं होतं. १८६९ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने आरमारासाठी आणि गरिबांसाठी लोण्याला स्वस्त पर्याय शोधणाऱ्याला बक्षीस लावलं. इपोलित मेज-मूरिए यांनी गुरांच्या चरबीपासून तो करून दाखवला आणि त्याला ‘ओलिओमार्गारिन’ म्हटलं. लॅटिन ‘ओलेउम’ म्हणजे तेल. तेल आणि मोती मिळून हे नाव. गरिबाच्या पावावर लावायच्या चरबीला मोत्याचं नाव मिळालं. मला हे नाव देणाऱ्याच्या मनाचं मोठेपण वाटतं.

इंग्लंडमध्ये व्यापारी या वस्तूला ‘बटरीन’ म्हणत. लोणीवाल्यांना ते खपलं नाही, कारण त्या नावात ‘बटर’ दडलेलं होतं. १८८७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून ‘बटरीन’ मोडीत काढलं आणि ‘मार्गारिन’ हेच नाव सक्तीचं केलं. तिथे मामला नावाच्या पाटीवर बऱ्याच अंशी मिटला. ती पाटी रास्त होती, असं माझं मत आहे. मार्गारिन लोणी म्हणून विकणारे व्यापारी तेव्हा खरोखर होते, आणि गिऱ्हाइकाला आपण काय विकत घेतो ते कळायलाच हवं. अमेरिकेतही १८७० च्या दशकातले पहिले राज्य-कायदे असेच पाटीचे होते. तिथे थांबले असते, तर या लेखाला विषय उरला नसता.

क्लीव्हलंड यांच्या सहीच्या कायद्याने मार्गारिनवर पौंडामागे दोन सेंट कर बसवला. त्यासोबत परवान्याचं वार्षिक शुल्क आलं: उत्पादकाला ६०० डॉलर, घाऊक विक्रेत्याला ४८०, किरकोळ दुकानदाराला ४८. कोपऱ्यावरच्या वाण्याने ४८ डॉलर भरून गरिबांची चरबी विकायला ठेवावी कशाला? त्याने ती ठेवली नाही, आणि कायद्याचा हेतू तोच होता. १९०२ मध्ये दुरुस्ती आली. पिवळ्या मार्गारिनवर पौंडाला दहा सेंट, बिनरंगी पांढऱ्यावर पाव सेंट. लोणी अन्नाटो घालून पिवळं केलं तर त्याच्यावर काही नाही. मार्गारिन त्याच अन्नाटोने पिवळं केलं तर चाळीसपट कर. रंग एक, बी एक, झाड एक. फरक एवढाच की एका बाजूच्या शेतकऱ्यांचे प्रतिनिधी सभागृहात बसलेले होते.

काही राज्यं तर १९०२ च्या आधीच याहून पुढे गेली होती. व्हर्मांट, न्यू हॅम्पशायर, वेस्ट व्हर्जिनिया अशा राज्यांनी मार्गारिन गुलाबी रंगवूनच विकावं असा नियम केला. खाणाऱ्याला किळस यावी आणि त्याने पुन्हा मागू नये, हा उद्देश. निर्दोष अन्नाला किळसवाणा रंग फासण्याची सक्ती म्हणजे वेगळ्या नावाने केलेली बंदीच आहे, असं म्हणत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये न्यू हॅम्पशायरचा गुलाबी नियम रद्द केला.

दहा सेंटांच्या करातून मग लोकांनी वाट काढली. दुकानातून पांढरं मार्गारिन आणायचं, सोबत पिवळ्या रंगाची पुडी मिळायची, ती घरी हाताने मळून घ्यायची. कोट्यवधी बायकांनी किती वर्षं हे मळणं केलं असेल! घरात मळायला माणूस असेल तर कर पाव सेंट, वेळ नसेल तर दहा सेंट. कायदेमंडळात घातलेल्या एका कलमाचं काम असं स्वयंपाकघरात येऊन पडत होतं.

सर्वांत विलक्षण कायदा १९३१ च्या मार्चमधला. पाम तेल शुद्ध न करता वापरलं तर ते जात्याच पिवळं असतं. उत्पादकांच्या ध्यानात आलं की असं तेल वापरलं तर ‘वरून रंग मिसळला’ असं म्हणता येणार नाही आणि दहा सेंटांचा कर चुकवता येईल. लोणीवाल्यांनी काँग्रेस गाठली. काँग्रेसने ठरवलं की रंग कुठून आला हे पाहायचंच नाही, पिवळेपणा मोजायचा. लोव्हिबाँड नावाच्या रंगमापकावर एक पूर्णांक सहा दशांश अंशांपेक्षा जास्त पिवळेपणा भरला, किंवा पिवळा आणि तांबडा मिळून तेवढा भरला आणि त्यात पिवळा जास्त असला, की मार्गारिन रंगीत ठरणार. ‘पीत’, त्यावरून ‘पीतल’, त्यावरून मराठी ‘पिवळा’. या शब्दाच्या साऱ्या प्रवासात कुणी त्याचे दशांश अंश पाडले नव्हते. आणि साल कोणतं, तर महामंदीचं. बँका बुडत होत्या, शहरांत फुकट सुपासाठी रांगा लागत होत्या. स्वस्त चरबीची कधी नव्हे इतकी गरज असताना देशाच्या सर्वोच्च विधिमंडळाने ती महाग करण्यासाठी पिवळ्या रंगाचं माप ठरवत वेळ घालवला. मला हे वाचून हसू येत नाही, चीड येते.

या भांडणात एक माणूस आणि एक विद्यापीठही सापडलं. १९४३ मध्ये, युद्धकाळात, आयोवा स्टेट कॉलेजच्या एका पुस्तिकेत ऑस्वाल्ड ब्राउनली या तरुण अर्थशास्त्रज्ञाने लिहिलं की पोषणात आणि चवीत मार्गारिन लोण्याला तुल्य ठरू शकतं, आणि त्याच्यावरचे निर्बंध काढावेत. आयोवा हे दुग्धव्यवसायाचं राज्य. दूधवाल्यांनी कॉलेजवर दबाव आणला, पुस्तिका मागे घेतली गेली आणि नंतर सुधारून पुन्हा काढावी लागली. विभागप्रमुख थिओडोर शुल्ट्झ या प्रकाराने व्यथित होऊन शिकागो विद्यापीठात निघून गेले. त्यांना १९७९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

१९५० च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी कर रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. ही काँग्रेसला झालेली उपरती नव्हती. तोवर मार्गारिन गुरांच्या चरबीऐवजी सरकीच्या आणि सोयाबीनच्या तेलापासून होऊ लागलं होतं. दक्षिणेतले कापूस पिकवणारे आणि मध्यपश्चिमेतले सोयाबीन पिकवणारे शेतकरी आता मार्गारिनच्या बाजूला होते, आणि त्यांचेही प्रतिनिधी सभागृहात होते. तेल बदललं तशी मतं बदलली. विस्कॉन्सिन हे राज्य मात्र हटलं नाही. पिवळ्या मार्गारिनवरची बंदी तिथे १९६७ पर्यंत टिकली. तिथले एक राज्य-सिनेटर, गॉर्डन रोझलिप, लोण्याचे कडवे कैवारी. डोळे बांधून केलेल्या चवीच्या परीक्षेत त्यांनी मार्गारिनलाच लोणी म्हटलं. त्यांच्या प्रकृतीच्या काळजीने पत्नी घरी अनेक वर्षं लोणी म्हणून मार्गारिनच वाढत होती, असं त्यांच्या घरच्यांनी पुढे सांगितलं. उपाहारगृहात गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय लोण्याच्या जागी मार्गारिन देऊ नये, असं कलम त्या राज्याच्या कायद्यात नंतरही कायम राहिलं. कॅनडात क्यूबेक प्रांताने पिवळ्या रंगावरची बंदी उठवली ती २००८ मध्ये.

आणि लोण्याच्या रंगाची सवलत? अमेरिकेच्या १९३८ च्या अन्नकायद्याने कृत्रिम रंग घातला तर वेष्टनावर तसं लिहिणं बंधनकारक केलं आणि त्यातून तीन पदार्थ नाव घेऊन वगळले: लोणी, चीज आणि आइस्क्रीम. तिन्ही दुधाचे.

अशा वेळी आपण ‘लॉबी’ हा शब्द वापरतो. तो शब्द मुळात किती निरागस आहे पाहा. मध्ययुगीन लॅटिनमधलं ‘लौबिया’ म्हणजे पानांचा मांडव; त्याच्या मुळाशी ‘पान’ या अर्थाचा जर्मानिक शब्द आहे. मांडवावरून आच्छादलेली पडवी, पडवीवरून सभागृहाबाहेरचा दालनवजा भाग, आणि तिथे सभासदांना गाठायला उभी राहणारी माणसं, असा तो सरकत गेला. मराठीने तो ‘साखरलॉबी’, ‘दूधलॉबी’ असा सहज सामावून घेतला आहे. आपला ‘पक्षपात’ही याच वाटेवरचा. ‘पक्ष’ म्हणजे पंख, मग बाजू. ‘पात’ म्हणजे पडणं. एका बाजूला कलंडणं म्हणजे पक्षपात. आणि ‘विधेयक’ तर अर्थपूर्ण आहे. संस्कृतात ‘विधेय’ म्हणजे जे करायचं आहे ते. आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ, सांगितलेलं ऐकणारा, आज्ञेत वागणारा. विधेयक कुणाच्या आज्ञेत आहे, हा प्रश्न शब्दातच बसलेला आहे. या साऱ्या व्यवहाराला मराठीत त्याहून चपखल वाक्प्रचार आहे: आपल्याच पोळीवर तूप ओढून घेणं. हा वाक्प्रचार घडवणाऱ्यांना अमेरिकेचं लोणी माहीत नव्हतं, पण पंगतीत बसणारी माणसं नीट माहीत होती.

मार्गारिनचा धागा आपल्याकडेही येतो, आणि तो थेट शिवडीला येतो. मेज-मूरिए यांच्याकडून हॉलंडच्या युर्गेन्स कुटुंबाने ही कृती घेतली. युर्गेन्स आणि व्हान डेन बर्ग या दोन डच घराण्यांची मिळून ‘मार्गारिन युनी’ झाली, आणि तिचं इंग्लंडच्या लिव्हर बंधूंच्या कंपनीशी विलीनीकरण होऊन युनिलिव्हर. नावातला ‘युनि’ मार्गारिनवाल्यांचा आहे. याच समूहाने १९३१ मध्ये हिंदुस्तान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली आणि मुंबईत शिवडीला कारखाना उभारला. आधी हॉलंडहून गोठवलेल्या तेलाचं तूप आणणारी दादा नावाची पेढी होती. तिच्या नावात लिव्हरचा ‘ल’ घालून ‘डालडा’ झालं, १९३७ मध्ये. ज्या पिढीने डालड्याचे पिवळे डबे रिकामे झाल्यावर त्यांत तुळस लावली, त्या पिढीला हे नाव विशेषनाम वाटतच नव्हतं. कुठल्याही गोठलेल्या तेलाला ती डालडा म्हणे.

पण कायद्यातलं नाव ‘वनस्पती’ झालं. हा शब्द ऋग्वेदातला. वन आणि पती, मधे ‘स्’, जसा बृहस्पतीत आहे. वनाचा स्वामी तो वनस्पती. वेदात तो महावृक्ष आहे, यज्ञातला यूप आहे, देवताही आहे. मनुस्मृतीत त्याचा अर्थ नेमका झाला: फूल न दिसता ज्याला फळ येतं तो वनस्पती, म्हणजे उंबर, वड, पिंपळ. आयुर्वेदानेही तीच विभागणी ठेवली. पुढे मराठीत तो शब्द साऱ्या झाडाझुडपांचा झाला आणि शेवटी हायड्रोजन सोडून गोठवलेल्या तेलाच्या डब्यावर येऊन बसला. ‘भाजीपाल्याचं तूप’ या अर्थाच्या इंग्रजी नावातलं तूप गाळायचं होतं, कारण ते तूप नव्हे अशी ओरड होती. गांधीजींनी ‘हरिजन’मधून या पदार्थाविरुद्ध लिहिलं. तूप गेलं, वनस्पती उरली. लोकांनी ते फार मनावर घेतलं नाही. बोलताना ‘वनस्पती तूप’च म्हणत राहिले.

स्वतंत्र भारताच्या हंगामी संसदेत पंडित ठाकूरदास भार्गव यांनी वनस्पतीवर बंदीची मागणी विधेयकातून लावून धरली. बंदी आली नाही. मग प्रश्न आला रंगाचा, अगदी अमेरिकेसारखा. साजूक तुपात वनस्पतीची भेसळ सर्रास होई. तिला कुठला तरी रंग द्यावा म्हणजे ती ओळखू येईल. रतनजोतीचा विचार झाला. पण तळताना टिकेल, शरीराला बाधणार नाही आणि भेसळ करणाऱ्याला काढून टाकता येणार नाही, असा रंग सापडेना. अखेर जो नियम पक्का झाला तो मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा वाटतो: वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल असलंच पाहिजे. तिळाच्या तेलाला हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल लावलं की गडद गुलाबी रंग येतो. तुपाच्या नमुन्यात तो गुलाबी रंग उमटला की भेसळ सिद्ध. व्हर्मांटनेही गुलाबी रंगच निवडला होता, पण गरिबाच्या ताटात दिसावा म्हणून. इथे तो तपासनिसाच्या परीक्षानळीत दिसतो. खाणाऱ्याची मान खाली जात नाही, फसवणाऱ्याची जाते. भेसळीला शिक्षा करणारा कायदा आणि स्पर्धेला शिक्षा करणारा कायदा यांतलं अंतर मला याहून स्पष्ट कुठे दिसलेलं नाही.

याचा अर्थ आपल्याकडे सारं निर्मळ होतं असा नाही. मुंबईत तेव्हा ‘पोल्सन’ बटरचं राज्य होतं. नाव इतकं घरोघरी गेलेलं की खुशामत करण्याला ‘पोल्सन लावणं’ म्हणत. १९४५ मध्ये मुंबई सरकारने शहराला दूध पुरवण्याची योजना आखली आणि आणंद भागातलं दूध गोळा करण्याचा मक्ता पोल्सनला दिला. शेतकऱ्यांना दर ठरवण्यात काही वाटा नव्हता. सरदार पटेलांच्या सल्ल्याने, मोरारजी देसाई यांच्या उपस्थितीत १९४६ च्या जानेवारीत समरखा गावी सभा झाली. शेतकऱ्यांनी पंधरा दिवस मुंबईला दूध दिलं नाही. त्या संपातून खेडा जिल्ह्याचा सहकारी संघ उभा राहिला, आणि त्याच्या लोण्याला पुढे ‘अमूल्य’वरून ‘अमूल’ हे नाव मिळालं. सरकारी मेहेरबानीच्या विरोधात जन्मलेलं नाव म्हणून मला त्याचा आदर आहे.

म्हणूनच पुढची गोष्ट खुपते. २०२१ मध्ये अमूलने सोयाबीन-बदामाची पेयं दूध नव्हेत, असं सांगणारी जाहिरात दिली. त्याच वर्षी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या वेष्टनावरून दुग्धवाचक शब्द काढायला लावले. ‘दूध’ म्हणजे जनावराच्या सडातून येणारं, हीच कायद्याची व्याख्या. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१७ मध्ये असाच निकाल दिला होता, आणि अमेरिकेत त्याच वर्षी याच आशयाचं विधेयक मांडलं ते विस्कॉन्सिनच्याच सिनेटर टॅमी बाल्डविन यांनी. नारळाचं दूध मात्र वगळलेलं आहे, कारण ते परंपरागत. म्हणजे ज्याची सवय आहे तो चालतो, नवा आला तर हाकला.

पण भाषेची परंपरा या व्याख्येच्या बाजूची नाही. संस्कृत ‘क्षीर’ म्हणजे दूध आणि झाडाचा चीकही. वड, उंबर, पिंपळ यांना क्षीरवृक्ष म्हणतात. वनाचे स्वामी ते हेच. मराठीत व्यायलेल्या गाईचं पहिलं दूध म्हणजे चीक, ज्याचा खरवस होतो, आणि रुईतून, फणसातून वाहतो तोही चीकच. कणसातला कोवळा दाणा ‘दुधात आला’ असं शेतकरी म्हणतो. दुधी भोपळ्याच्या नावात दूध आहे. इंग्रजीतला सॅलडच्या पानांचा ‘लेटस’ हा शब्द लॅटिन ‘लाक’पासून, म्हणजे दुधापासूनच आला, कारण त्याचं देठ मोडलं की पांढरा चीक येतो. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या राजाच्या स्वयंपाक्यांनी लिहिलेल्या पाककृतींत बदामाचं दूध जागोजाग आहे. बदामाचं दूध मागणारा गिऱ्हाईक बदामाच्या झाडाला सड असतात असं समजत नाही. त्याला फसवणुकीपासून वाचवायचं असेल, तर त्यात बदाम किती आणि साखर किती हे ठळक लिहायला लावणं जास्त उपयोगाचं.

नाव आणि रंग यांवर एवढी दशकं खर्ची पडत असताना एक प्रश्न कुणी नीट विचारलाच नाही: तेल गोठवण्याच्या या क्रियेत नेमकं काय तयार होतं? तेलात अर्धवट हायड्रोजन सोडला की ट्रान्स मेद तयार होतात, आणि ते हृदयाला घातक आहेत. त्याचे पक्के पुरावे १९९० पासून पुढे आले. डेन्मार्कने २००३ मध्ये मर्यादा घातली. अमेरिकेने २०१५ मध्ये असं तेल अन्नात सुरक्षित मानता येणार नाही असं ठरवलं. आपल्याकडे २०११ मध्ये मर्यादा १० टक्के होती. २०२१ मध्ये ३ आणि २०२२ च्या जानेवारीपासून २ टक्के झाली. शिवडीचा कारखाना सुरू झाल्यापासून नव्वद वर्षं. पिवळेपणाचे दशांश १९३१ मध्ये मोजून झाले होते. लोणीवाल्यांना मार्गारिनची भीती स्पर्धक म्हणून होती, म्हणून त्यांच्या प्रतिनिधींनी सभागृहात स्पर्धेचेच प्रश्न विचारले. खाणाऱ्याच्या धमन्यांची बाजू मांडणारं त्या दालनात कुणी उभं नव्हतं.

२०२५ च्या मार्चमध्ये महाराष्ट्राच्या अधिवेशनात एका आमदारांनी नकली पनीर विधानभवनात आणून दाखवलं. वनस्पती तेल आणि स्टार्च घालून केलेला पदार्थ पनीर म्हणून हॉटेलांत खपतो, हा त्यांचा मुद्दा. काहींना तो वेळेचा अपव्यय वाटला असेल. मला नाही वाटत. इथे विकणारा लपवतो आहे आणि खाणाऱ्याला कळत नाही, म्हणजे तिळाच्या तेलाच्या जातीचा हा प्रश्न आहे.

त्याच जातीचा आणखी एक प्रश्न अजून सभागृहात यायचा आहे. बेकरीतली खारी आणि नानखटाई पुष्कळदा याच गोठवलेल्या चरबीत होतात. वेष्टनात विकल्या तर मागच्या बाजूला घटकपदार्थांची यादी असते, बारीक टायपात, ‘व्हेजिटेबल फॅट’, ‘शॉर्टनिंग’, ‘इंटरएस्टरिफाइड’ अशा शब्दांची. नियमाप्रमाणे ही माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावी लागते. राज्याची भाषा ऐच्छिक आहे. पुड्याच्या पुढच्या बाजूचा एक शब्द कुणाचा, यावर प्राधिकरणापासून न्यायालयापर्यंत वाद जातो. मागच्या बाजूचे वीस शब्द खारी खाणाऱ्याला त्याच्या भाषेत वाचता यावेत, म्हणून महाराष्ट्रातल्या एखाद्या आमदाराने किंवा खासदाराने एक विधेयक मांडलं, तर तो वेळ मी वाया गेला असं म्हणणार नाही.